दह्यातली हळद

१

मंगळवारी सकाळी साडेअकराला अच्युतराव वैरागडे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचता वाचता थांबले आणि ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

इतिवृत्त वाचताना ते नेहमीच थांबत. चष्म्यावरून समोर बघत, कोण पेंगतंय ते हेरत आणि त्याचं नाव पुढच्या इतिवृत्तात घालत. त्यामुळे कॉलनीच्या मराठी मंडळाच्या खोलीत बसलेल्या नऊ जणांपैकी जे जागे होते त्यांनी पाठ ताठ केली आणि शेजाऱ्यांना कोपरानं ढोसलं. मग अच्युतराव सावकाश पुढे कलले आणि हार्मोनियमवर पडले. भात्यात हवा उरली असावी, कारण एक लांबलचक सूर निघाला. तेव्हा कुठे सगळे उठले.

चौघांनी उचलून त्यांना गाडीत घातलं. अच्युतरावांनी अर्धे डोळे उघडले आणि स्पष्ट आवाजात सांगितलं, "त्या सुनंदाबाईनं माझ्या डब्यात काहीतरी घातलंय. इतिवृत्तात लिहून घ्या."

लिहून घेतलं गेलं. अच्युतराव नागपूरहून सरकारी नोकरीसाठी भोपाळला आलेले, रेकॉर्ड रूममध्ये तीस वर्षं काढलेले आणि आता मंडळाचे सचिव. त्यांचा पोलिसांपेक्षा इतिवृत्तावर जास्त विश्वास होता.

संध्याकाळपर्यंत सुनंदाताईंच्या अठरा डब्यांपैकी बारा बंद झाले. त्या मंडळाच्याच स्वयंपाकघरात डबे करत. गुरुवारी संध्याकाळी पाचला कार्यकारिणी बसणार आणि त्यांच्याकडून स्वयंपाकघराची किल्ली परत घेणार, असं ठरलं. अयोध्या नगरातली त्यांची भाड्याची खोली एवढीशी होती की तिथे गॅस ठेवला तर माणसानं बाहेर उभं राहावं. किल्ली गेली की डबे संपले आणि डबे संपले की त्यांचं भोपाळमधलं राहणंही संपलं.

२

"अनंतराव, तुम्ही इन्स्पेक्शनला होता ना?"

सुनंदाताई दारातच उभ्या होत्या. हातात खडीसाखरेची जुनी बरणी.

"होतो. पण तिथे टर्बाइनची पाती तपासायचो. माणसं नाही."

"चूक कुठेय तेच शोधायचं ना? मग हे बघा."

अनंत पिंपळखुटे मोठ्या कारखान्यात एकतीस वर्षं तपासणी विभागात होते. धातूतली केसाएवढी भेग शोधणं हे त्यांचं काम. आता घरी तपासायला काही नव्हतं. बायको, मीना, जाऊन चौदा महिने झाले होते. तेव्हापासून ते दोन्ही वेळा स्वतः खिचडी लावत. सुनंदाताईंनी डब्याबद्दल तीनदा विचारलं होतं आणि त्यांनी तीनदा नको म्हटलं होतं. रोज दारात एका माणसाचा डबा आला की घरात दुसरं कोणी नाही हे पक्कं होतं, असं त्यांना वाटे. हे अर्थात त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. खिचडी आवडते, एवढंच सांगत.

बरणीत चिठ्ठ्या होत्या. अच्युतराव रिकाम्या डब्यात रोज एक चिठ्ठी घालून पाठवत, तारीख टाकून, सही करून.

"तुम्ही या जपून ठेवल्या?"

"फेकल्या असत्या तर त्यांनी प्रती मागितल्या असत्या."

अनंतरावांनी टेबलावर ओळीनं मांडल्या. बुधवार: 'खोकला आहे. ताक पाठवू नये.' गुरुवार: 'मटकी कच्ची.' शुक्रवार: 'मटकी फार शिजली.' शनिवार: 'जेवण जात नाही. मळमळते.' रविवार: 'भातात हळद घालण्याचे प्रयोजन कळले नाही.' सोमवार: 'दह्यातसुद्धा हळद? हा अतिरेक आहे.'

"दह्यात हळद घातली होती?"

सुनंदाताईंनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं.

"विचारणं माझं काम आहे," अनंतराव म्हणाले.

"तेच दही आणखी सतरा घरी गेलं. त्यातल्या एकानं पुन्हा मागून घेतलं." त्या बसल्या. "वैरागडे वहिनी मुलीच्या बाळंतपणाला पुण्याला आहेत. हा माणूस महिनाभर माझ्या हातचं जेवतोय. मी त्यांना कशाला काही घालीन? मीनाताई असत्या तर त्यांनी दोन शब्दांत सगळ्यांना गप्प केलं असतं."

ते खरं होतं. मीना दोन शब्दांत गप्प करायची. अनंतरावांना तो अनुभव सर्वांत जास्त होता.

"सोमवारचं दही ज्यानं परत मागितलं तो कोण?"

"विक्रांत टेंभेकर," सुनंदाताई म्हणाल्या. "आणि आज सगळ्यात आधी डबा त्यांनीच बंद केला."

३

विक्रांतराव गच्चीवर काढा ढवळत होते. निवृत्त इंजिनिअर, उत्साही माणूस. मागच्या निवडणुकीत सचिवपदासाठी अच्युतरावांकडून दोन मतांनी हरलेले.

"बसा. काढा घ्या."

"नको. अच्युतरावांना दिला होता का?"

"मागच्या मंगळवारपासून रोज. खोकला केवढा होता त्यांना. आता बघा, खोकला साफ." मग त्यांच्या लक्षात आलं. "अहो, मला काय संशयित धरताय? मला मारायचंच असतं तर निवडणुकीआधी नसतं मारलं?"

हा मुद्दा बिनतोड होता. तरी अनंतरावांनी पेला उचलून वास घेतला. डोळ्यांत पाणी आलं.

"यात काय काय आहे?"

"मिरी, सुंठ, तुळस, लवंग, ज्येष्ठमध. मी स्वतः दोन पेले पितो. मला काय झालंय?"

विक्रांतरावांचा चेहरा लाल होता, पण तो आधीपासूनच लाल होता.

"डबा एवढ्या घाईनं का बंद केला?"

"सौ. म्हणाली, लोक काय म्हणतील. मला तर ते दही फार आवडलं होतं." ते ओशाळून ढवळत राहिले. "खरं सांगू, अच्युतरावांचं हल्ली डोकंच चालत नव्हतं. रविवारी मी नवा कुर्ता घालून काढा द्यायला गेलो. पांढराशुभ्र. तर मला म्हणतात, विक्रांतराव, हळदीला निघालात का? वर म्हणाले, ट्यूबलाइटला कडं पडलंय, इलेक्ट्रिशियन बोलवा. मी बघितलं, कडं-बिडं काही नाही. मी म्हटलं, जाऊ द्या, वहिनी गावाला गेल्यात, माणूस कावराबावरा होतो."

अनंतराव उठता उठता थांबले.

"कुर्ता कोण धुतं?"

"नवा होता म्हटलं ना. घडी मोडून घातला."

कारखान्यात एकदा एका पाळीत बेचाळीस पाती नापास झाली होती. सगळी एकाच बाजूला, एकाच मापानं चुकलेली. साहेब कामगारांवर उखडले. अनंतरावांनी पाती बाजूला ठेवली आणि मोजायचं साधन तपासलं. ते खाली पडून वाकलं होतं. पाती सगळी चांगली होती.

भात पिवळा. दही पिवळं. कुर्ता पिवळा. सुनंदाताईंनी विक्रांतरावांच्या कुर्त्याला तर हळद लावली नव्हती.

४

बुधवारी सकाळी हॉस्पिटलात अच्युतराव उशीला टेकून बसले होते. छातीला तारा होत्या आणि चेहऱ्यावर नापसंती होती.

"किल्ली घेतली का त्या बाईकडून?"

"उद्या सभा आहे. तब्येत कशी आहे?"

"इथल्या चादरी बघा. पिवळ्या पडल्यात. धुतात की नाही कोण जाणे."

अनंतरावांनी चादर बघितली. पांढरी होती. इतकी पांढरी की कडेला छापलेलं निळं नाव सुद्धा धुऊन धुऊन पुसत आलं होतं.

डॉक्टर अश्विनी कॉलनीतच लहानाची मोठी झालेली. अनंतरावांनी तिला बाहेर गाठलं आणि चिठ्ठ्या दाखवल्या.

"एक मिनिट, काका. पिवळं दिसतं? मला तर त्यांनी बोललंच नाही. मला एवढंच म्हणाले की लॉन्ड्रीवाला बदल दो."

"त्यांना वाटतंय, जगच पिवळं आहे. मग डॉक्टरला कशाला सांगतील?"

अश्विनीनं सोमवारची चिठ्ठी दोनदा वाचली आणि तिचं हसू गेलं. "काल आले तेव्हा पल्स अडतीस होती. हार्टची गोळी घेतात ना ते, डिगॉक्सिन. ती मी कालच बंद केली. पण मला वाटलं, वय झालंय, हार्टच स्लो झालंय. ती गोळी शरीरात जास्त झाली की असंच होतं. भूक जाते, उलटी, पल्स कमी, आणि कुणाकुणाला सब पीला पीला दिसतं. आत्ता ब्लड पाठवते. रिपोर्ट उद्या दुपारी."

"म्हणजे जास्त गोळ्या घेतल्या?"

"किंवा कुणी दिल्या. तुम्ही त्यांच्या घरचं पाकीट मोजून याल?"

अच्युतरावांनी किल्ल्यांचा जुडगा दिला तो पावती घेऊनच. त्यांच्या घरी डिगॉक्सिनचं पाकीट देवाशेजारी होतं आणि वर भिंतीवर कॅलेंडर. प्रत्येक गोळीला एक टीक. अनंतरावांनी खरेदीच्या तारखेपासून टिका मोजल्या, उरलेल्या गोळ्या मोजल्या. मग पुन्हा मोजल्या.

एकही गोळी कमी नव्हती. एकही जास्त नव्हती.

५

गुरुवारी दुपारी रिपोर्ट आला. रक्तात ती गोळी असायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त होती.

"हिशोब जुळत नाही," अनंतराव म्हणाले.

"काका, गोळी तेवढीच आत गेली, पण बाहेर पडली नाही, असं होऊ शकतं. किडनी खराब झाली तर. पण त्यांची किडनी ठीक आहे. नाहीतर दुसरं एखादं औषध तिला अडवून धरतं. मी विचारलं त्यांना. म्हणाले, सहा वर्षं हीच एक गोळी, दुसरं काही नाही."

अनंतराव आत गेले. अच्युतराव दलियाकडे संशयानं बघत होते.

"अच्युतराव, तुमचा खोकला कशानं गेला?"

"आपोआप."

"विक्रांतराव म्हणतात त्यांच्या काढ्यानं."

"त्यांचा काढा मी गॅलरीतल्या मनीप्लांटला घालत होतो. त्यांना सांगू नका."

"मनीप्लांट वाळला का?"

"उलट फोफावला," अच्युतराव नाइलाजानं म्हणाले.

"मग खोकला कशानं गेला?"

अच्युतरावांनी चमचा ठेवला आणि भिंतीकडे बघितलं. इतिवृत्त वाचताना चुकून स्वतःचंच नाव आलं तर माणूस जसं बघेल, तसं.

"मला झोप येतेय," ते म्हणाले.

अनंतराव पायऱ्या उतरले आणि खिशातला जुडगा वाजला. घराच्या दोन किल्ल्या, गोदरेजची एक. चौथी पितळेची होती, तिला सुतळी आणि पुठ्ठ्याचा तुकडा. पुठ्ठ्यावर अच्युतरावांच्या अक्षरात: 'मंडळ. औषध कपाट. सचिवांचे ताब्यात.'

६

त्या कपाटाची एक रीत होती. कॉलनीत सगळे नोकरीसाठी आलेले. कोणाची बदली झाली की ट्रकमध्ये न मावणाऱ्या वस्तू शेजाऱ्यांत वाटल्या जात. तुळशीची कुंडी एकाकडे, इस्त्रीचं टेबल दुसऱ्याकडे. आणि उरलेली औषधं मंडळाच्या कपाटात. चांगली औषधं फेकायची कशी? कोणाच्या तरी उपयोगी पडतील. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं. कपाटात बिस्किटांचे बारा-तेरा डबे होते, प्रत्येकावर घराचं आडनाव.

दारावर सूचना होती: 'नोंदवहीत सही केल्याशिवाय औषध घेऊ नये. अपवाद नाही. — सचिव.' नोंदवहीतली शेवटची सही मार्चमधली होती.

साडेतीन वाजले होते. शेजारच्या स्वयंपाकघरात सुनंदाताई भांडी घासून पोत्यात भरत होत्या. किल्ली मागायच्या आधीच.

अनंतराव एकेक डबा उघडत गेले. खोकल्याचं काहीतरी, उघडलेलं, नुकतं. अच्युतराव रेकॉर्ड रूमचे. ते वस्तू जागेवर ठेवल्याशिवाय राहणार नाहीत. रिकामी झाली तरी.

नवव्या डब्याशी त्यांचा हात थांबला. डब्यावर लिहिलं होतं: 'पिंपळखुटे'.

तो त्यांनीच आणून ठेवला होता, मीना गेल्यावर महिनाभरानं. घरात ठेववत नव्हता आणि फेकवत नव्हता. आत कागदाची पाकिटं होती. मीना औषधाचं नाव कधी लिहीत नसे. नावं तुम्हाला वाचता येत नाहीत, दुखणं तेवढं कळतं, म्हणायची. 'पोट'. 'गुडघा'. 'गुडघा, फारच'. आणि एक पाकीट नीट घडी घालून परत ठेवलेलं: 'खोकला. सकाळी एक, रात्री एक. जेवणानंतर. बरं वाटलं तरी पूर्ण करा.' शेवटच्या वाक्याखाली दोन रेघा होत्या.

पाकिटात दहा गोळ्यांची पट्टी होती. दहाही खळगे रिकामे.

अनंतराव स्टुलावर बसले. त्यांना तो खोकला आठवला. डॉक्टरनं सात दिवसांच्या चौदा गोळ्या दिल्या होत्या. चार सुट्या, दहाची एक पट्टी. चार सुट्या संपल्या, दोन दिवसांत बरं वाटलं, त्यांनी पट्टीला हातच लावला नाही. मीना आठवडाभर मागे लागली होती. मग तिनं पाकिटावर रेघा मारल्या आणि बोलणं सोडलं.

"सापडलं का काही?" सुनंदाताई दारात होत्या.

"सापडलं," अनंतराव म्हणाले. "कोणी केलं तेही सापडलं."

"कोणी?"

त्यांनी पाकीट खिशात घातलं. "पाचला सांगतो. पोतं उघडून ठेवा."

त्यांनी पट्टीचा फोटो अश्विनीला पाठवला. दोन मिनिटांत फोन आला.

"क्लॅरिथ्रोमायसिन. काका, हेच. हे मॅक्रोलाइड आहे, अँटिबायोटिक. अझिथ्रो लोक घेतात ना उठसूट, त्याचंच भाऊबंद. छातीच्या इन्फेक्शनला चांगलं औषध आहे, खराब नाही. खोकला गेला तो यानंच गेला असेल. पण ते डिगॉक्सिनला शरीराबाहेर पडूच देत नाही. रोज एक आत, बाहेर थोडीशीच. साठत गेली. आणखी चार दिवस चाललं असतं तर..." ती थांबली. "कुणाचं होतं हे?"

"माझं," अनंतराव म्हणाले.

७

पाचला खोली भरली. हार्मोनियम बाजूला सरकवला होता. विक्रांतराव अध्यक्षांच्या शेजारी बसले होते आणि सुनंदाताई दाराशी उभ्या होत्या, किल्ली मुठीत. अच्युतराव फोनवर होते. तो फोन टेबलावर उभा करून ठेवला होता. त्यात त्यांचं कपाळ तेवढं दिसत होतं.

"विषय पहिला," फोनमधून आवाज आला.

"विषय पहिला मी मांडतो," अनंतराव उठले. त्यांना सभेत बोलायची सवय नव्हती. चिठ्ठ्या, कॅलेंडर, कुर्ता, चादर, रिपोर्ट, सगळं त्यांनी तपासणीचा अहवाल वाचावा तसं सांगितलं. विक्रांतरावांचा कुर्ता आला तेव्हा विक्रांतराव म्हणाले, "मी म्हटलं नव्हतं, पांढरा होता म्हणून?" मनीप्लांट आला तेव्हा ते काही म्हणाले नाहीत.

"म्हणजे हळद जेवणात नव्हती, डोळ्यांत होती. आणि डोळ्यांत आणली ती या दहा गोळ्यांनी. गुरुवार ते सोमवार, दोन वेळा. कपाटातून, सही न करता."

खोलीत सगळे फोनकडे वळले. कपाळ खाली गेलं.

"ते औषध नव्हतं," फोन म्हणाला. "खोकल्याची गोळी होती."

"सही का नाही केली?"

फोनमध्ये पलंग करकरल्याचा आवाज आला. मग, "नोंदवही मीच तपासतो. माझी सही मी कशी तपासणार?"

कोणीतरी हसलं आणि खोकण्याचं सोंग केलं. ताबडतोब चौघांनी त्याला आपापला उपाय सांगितला. मग चौघंही गप्प झाले.

"अच्युतरावांनी घेतल्या," अनंतराव म्हणाले, "पण ठेवल्या मी. मला चौदा दिल्या होत्या, मी चार घेऊन सोडल्या. बायको सांगत होती, ऐकलं नाही. आणि ती गेल्यावर तिचं अक्षर घरात बघवेना म्हणून डबा इथे आणून ठेवला. वर औषधाचं नाव नाही, कोणासाठी ते नाही. तिनं ते माझ्यापुरतं लिहिलं होतं. मी ते सगळ्या कॉलनीला दिलं." ते दाराकडे वळले. "सुनंदाताईंकडून किल्ली घ्यायची असेल तर आधी माझ्याकडून काहीतरी घ्या. चूक त्यांची नाही, माझी आहे. हे इतिवृत्तात लिहून घ्या."

कोणी लिहीना. अच्युतराव नव्हते तर लिहिणार कोण, हा प्रश्नच होता.

"मी सांगतो तसं लिहा," फोन म्हणाला. आवाज जरा बारीक झाला होता. "किल्ली सुनंदाबाईंकडेच राहील. औषध कपाट आजपासून बंद. आतलं सगळं अश्विनीच्या ताब्यात द्यावं, ती नष्ट करील. आणि सचिवांनी..." इथे तो थांबला, पण यावेळी सगळ्यांच्या लक्षात आलं. "सचिवांनी सुनंदाबाईंची माफी मागितली."

"मागितली कुठे?" सुनंदाताई म्हणाल्या. "लिहिली फक्त."

"माफ करा, ताई. दही चांगलं होतं. मटकी मात्र कच्चीच होती."

सुनंदाताईंनी किल्ली कमरेला खोचली आणि भांडी काढायला आत गेल्या. विक्रांतराव त्यांच्या मागोमाग गेले, उद्यापासून डबा, आणि दही जरा जास्त, असं सांगायला.

निघण्यापूर्वी अनंतरावांनी नोंदवही उघडली, औषधाचं नाव पट्टीवरून एकेक अक्षर बघत उतरवलं आणि पुढे लिहिलं: 'गोळ्या दहा. घेणारे अच्युतराव. ठेवणारा अनंत.' खाली सही केली. डबा अश्विनीकडे गेला. रिकामं पाकीट मात्र खिशातच राहिलं. ते औषध नव्हतं, त्यामुळे ठरावात बसत नव्हतं.

शुक्रवारी दुपारी साडेबाराला दारावर थाप पडली. सुनंदाताई होत्या, हातात डबा.

"मी सांगितला नव्हता," अनंतराव म्हणाले.

"माहीत आहे. मी विचारलंही नाही. तीनदा विचारून झालंय." त्यांनी डबा टेबलावर ठेवला. शेजारी कालचं पाकीट पडलं होतं, अक्षर वर करून. त्यांनी ते बघितलं, वाचलं, आणि दार ओढून घेऊन गेल्या.

वरण, भात, दोन पोळ्या, वांग्याची भाजी आणि वाटीत दही. अनंतरावांनी आधी दही उजेडात धरलं, सवयीनं. पांढरं होतं. मग जेवायला बसले. अर्ध्यातच त्यांना पोट भरल्यासारखं वाटलं आणि त्यांनी ताट सरकवलं. समोर पाकीट होतं, खाली दोन रेघा ओढलेल्या.

त्यांनी ताट परत ओढलं आणि पूर्ण केलं.

डबा घासून ठेवताना त्यांनी एक चिठ्ठी आत घातली. तारीख टाकली, सही केली. 'हळद बरोबर. उद्याही चालेल.'